वळीव पडल्यावर कुंड्यांचं काय करायचं

रोहिणी लागली, एखादा वळीव झोडपून गेला, की कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीत गच्च्यांवरच्या पायपा गुंडाळल्या जातात. एवढी घाई नको. वळवानं वरची दोन बोटं माती भिजते, खाली खडखडीत कोरडं. बोट खुपसून बघा आणि मृगापर्यंत पाणी चालू ठेवा, तेही उन्हं चढायच्या आत.

मी मात्र या दिवसांत आधी कुंडीचं बूड बघतो. आपल्याकडं जुलैत पाऊस लागला की उघडीप कुठली! उन्हाळ्यात तगलेली झाडं तेव्हा मुळं कुजून जातात. कुंडी आडवी करून भोक तपासा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आणि मुळांचं जाळं मिळून ते पार बुजलेलं असतं. जाड खिळ्यानं मोकळं करा, कुंडी विटांवर चढवा, खालच्या ताटल्या काढून माळ्यावर टाका.

माती बदलायची तर भोकावर एक खापरी पालथी घाला. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग भाताचं तूस आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट सगळेच सांगतात, पण आपल्या पावसात ते ओल धरून बसतं. मी घालत नाही. तूस भाताच्या गिरणीत पोत्यानं मिळतं.

आता जास्वंद. कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसतं तो पिठ्या ढेकूण. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर तो आहेच समजा. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याला राखतात. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घुसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. आठवड्यानं पुन्हा, असं तीनदा. एका फवारणीत तो जातो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फारच माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको.

मोगरा फुलतोय तोवर त्याची मोठी छाटणी नको, सुकलेली फुलं दोन पानांसकट खुडली की पुरे.

उन्हासाठी अंथरलेलं उसाचं पाचट मात्र पाऊस लागताच बाजूला करा. त्याच्याखाली गोगलगाई ठाण मांडतात आणि रात्रीत कोवळी रोपं फस्त करतात.

दोडका-कारल्याचं बी रात्रभर भिजवून मेअखेरीस कागदी कपात, पत्र्याच्या आडोशाला लावा. थेट कुंडीत टोकलं आणि झड लागली, तर बी कुजतं. चार पानं फुटली की रोप कुंडीत हलवा आणि वेलाला सुतळी त्याच दिवशी बांधा.