या चुका टाळा: फायब्रोमायल्जियाचं निदान रक्ताच्या रिपोर्टात शोधू नका

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत अंगदुखीचे पेशंट वाढतात. बहुतेकांचं दुखणं कष्टाचं असतं, आठ-पंधरा दिवसांत उतरतं. काहींचं उतरतच नाही. वर्ष उलटलं तरी सगळं अंग ठणकतं आणि रात्रभर झोपूनही सकाळी थकवा तसाच. अशा दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. यात बाया जास्त, पण पुरुषही असतात. हे लोक जाडजूड फाइल घेऊन येतात आणि त्या फाइलीत मला वर्षानुवर्षं त्याच चुका दिसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आरए फॅक्टरवर, म्हणजे संधिवातासाठी करतात त्या रक्ततपासणीवर, विसंबणं. फायब्रोमायल्जिया दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही, एमआरआयही नाही. तरी खुर्चीत बसायच्या आधी "मॅडम, सगळ्या टेस्ट लिहून द्या न" सुरू होतं.

मागे पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. शेतमजुरी करायच्या. आरए फॅक्टर जरासा वाढलेला. तेवढ्या एका कागदावर त्यांना कुठेतरी संधिवात सांगितला होता आणि दीड वर्षापासून आठवड्याला मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी चालू होती. गोळी घेतली की दोन दिवस मळमळ, तोंड आलेलं, मजुरी बुडालेली. मी त्यांचे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले आणि बोटांचा एकेक सांधा दाबून पाहिला. सूज नाही, सांधा गरम नाही. गोळी सुरू होण्याआधीचे ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, फाइलीतच होते, दोन्ही नॉर्मल. "कुठं कुठं दुखते?" तर म्हणाल्या, "कुठं नाई दुखत थे इचारा, मॅडम. झोप लागते जी, पण उठली का रातभर गोटे फोडल्यावानी वाटते."

आरए फॅक्टर धडधाकट माणसातही वाढलेला सापडतो, वय वाढलं की जास्तच. सांध्याला सूज नसेल तर तो एकटा काहीच सिद्ध करत नाही. मी त्यांना चिठ्ठी देऊन नागपूरला संधिवात तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासून फायब्रोमायल्जियाच सांगितला आणि मेथोट्रेक्सेट बंद केली. दीड वर्षात त्या बाईंचे सांधे कोणी हातात घेऊन पाहिलेच नव्हते, याचा मला आजही राग येतो.

माझी स्वतःची सवय अशी, की कोऱ्या कागदावर माणसाचं चित्र काढते, एक समोरून, एक पाठीमागून. पेन पेशंटच्या हातात देते आणि सांगते, गेल्या सात दिवसांत जिथं जिथं दुखलं तिथं फुली मार. फायब्रोमायल्जिया ओळखायच्या 2016 च्या निकषांत अशा 19 जागा मोजतात. मग लक्षणांचे 12 पैकी गुण: थकवा, झोपून उठल्यावर ताजंतवानं न वाटणं आणि विसरभोळेपणा किंवा लक्ष न लागणं, यांना प्रत्येकी 0 ते 3, गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं आणि उदासपणा असेल तर प्रत्येकी 1. निदानासाठी सात किंवा जास्त जागा आणि किमान 5 गुण, नाहीतर चार ते सहा जागा आणि किमान 9 गुण लागतात. शिवाय शरीराच्या पाचपैकी किमान चार भागांत दुखणं हवं आणि हे सगळं तीन महिन्यांपासून असायला हवं. याला वीस मिनिटं लागतात. ज्या नव्या डॉक्टरांना वीस मिनिटं जड जातात, त्यांनी हे निदान करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ठरावीक 18 जागा दाबून त्यातल्या 11 दुखल्या की फायब्रोमायल्जिया म्हणायची पद्धत 1990 ची. 2010 च्या निकषांतच ती गळली, तरी काही जण अजून तेवढ्यावरच निकाल देतात.

दुसरी चूक सुईची. "एक सुई मारून द्या, उद्या वेचाले जायचं हाय." पुष्कळदा ती सुई स्टेरॉइडची असते. स्टेरॉइडनं फायब्रोमायल्जिया बरा होत नाही. उलट खरंच सांध्यांची सूज असेल तर ती दबते, ईएसआर खाली येतो आणि आम्ही तपासायला बसतो तेव्हा खूण पुसलेली असते. चेहरा सुजतो, साखर वाढते ते वेगळंच. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला, आतापर्यंत काय काय टोचून घेतलं? बरेच महिने स्टेरॉइड चालू असेल तर मात्र हे वाचून एकदम बंद करू नका, त्यानं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं असतं.

थायरॉइडची टीएसएच तपासणी न करता फायब्रोमायल्जियाचा शिक्का मारू नका. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर सांगा, तिनंही स्नायू दुखतात. ड जीवनसत्त्व फार कमी असलं तरी हाडं दुखतात.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी शहरातल्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटतात. एक सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे तो बराच आहे आणि त्याचं हाडदुखीचं दुखणं वर्षानुवर्षं 'अंगदुखी' म्हणून निघून जातं. दुसरं बोअरचं पाणी. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानं हाडं-सांधे आखडतात. कंबर वाकत नसेल, मान वळत नसेल आणि गल्लीत आणखी चार जणांचं तसंच असेल, तर आधी पाणी तपासून घ्या.

आधीपासून संधिवात आहे म्हणून फायब्रोमायल्जिया नाही, असंही नसतं. दोन्ही एकत्र असू शकतात.

आणि आणखी एक चूक म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आले की "काही नाही, मनाचे खेळ आहेत" म्हणणं. या दुखण्यात रिपोर्ट बहुतेकदा नॉर्मलच येतात! मी नवऱ्याला, सासूला आत बोलावून फुल्यांचा तो कागद समोर ठेवते. मेथोट्रेक्सेटवाल्या त्या बाईंच्या कागदावर चौदा फुल्या होत्या. नवरा बोट ठेवून एकेक मोजत राहिला आणि मग म्हणाला, "हे तं मले कधी सांगतलंच नाई इनं."

येताना जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन या, आणि सकाळच्या एसटीनं या. शेवटची गाडी गाठायची घाई असलेल्या माणसाकडून हा कागद नीट भरून होत नाही.