बीसीएम बदलायला हात घालण्याआधी: मालवाहू गाड्यांच्या वायरिंग कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वायपर आपोआप फिरतो, इंडिकेटर मधूनच बंद पडतो, दरवाजे लॉक होत नाहीत. सातारा-सांगलीकडच्या गॅरेजात पिकअप, व्हॅन किंवा ट्रक अशी तक्रार घेऊन आला की ड्रायव्हरने निदान आधीच करून ठेवलेलं असतं: "बीसीएम गेलं." बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे दिवे, वायपर, हॉर्न, लॉक, काचा आणि बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरसुद्धा (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) सांभाळणारा डबा. तो जातो, नाही असं नाही. पण जुना का गेला हे न शोधता नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो आणि बिलावरून भांडण होतं ते वेगळंच.

सुरुवात बॅटरीपासून करा. व्हॅन-पिकअपला 12 व्होल्ट, मोठ्या ट्रकला 12-12 च्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट. ट्रकमध्ये म्युझिक सिस्टीमसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढलेले असतील, तर एक बॅटरी सतत उपाशी आणि दुसरी जादा चार्ज होत राहते. ही जोडणी आधी काढायला लावा.

मग मॉड्यूलचा सप्लाय आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वायर. मल्टिमीटर इथे फसवतो. वायरच्या दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून सॉकेट काढून सप्लायच्या पिनवर 21 वॅटचा बल्ब लावा. 12 व्होल्टवर तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब मिणमिणला तर दोष वायरमध्ये, फ्यूजच्या पत्तीत किंवा गंजलेल्या जोडात आहे. हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या पिनवर लावायचा. सिग्नलच्या किंवा कॅनच्या (मॉड्यूल ज्या वायरींच्या जोडीवरून एकमेकांशी बोलतात त्या) वायरला तो दाखवायचासुद्धा नाही. अर्थ तपासताना सॉकेट जोडलेलं ठेवा, दिवे-वायपर चालू करा आणि अर्थची पिन ते बॅटरीचा मायनस एवढ्यातला व्होल्टेज ड्रॉप मोजा. 0.1 व्होल्टच्या वर गेला की अर्थचा बोल्ट उघडा, रंग-गंज घासून काढा, पुन्हा आवळा. बीसीएमला सप्लाय दोन-तीन ठिकाणांहून येतो. त्यातला एक तुटला की डावे दिवे बंद, उजवे चालू, असला अर्धवट प्रकार होतो आणि डबा अर्धा जळाल्यासारखा वाटतो.

मीटरची जाड सुई सॉकेटच्या घरात पुढून खुपसू नका. आतली पत्ती फाकते, त्या वेळी गाडी नीट चालते आणि खंबाटकीचा घाट चढताना खड्ड्यात आदळली की दोष परत येतो. मागून, वायरच्या बाजूने बारीक पिन घाला.

स्कॅनर (मॉड्यूलमधले दोष वाचणारं यंत्र) बीसीएमशी बोलत नसेल तर कॅनची जोडी तपासा. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात ते) 6 आणि 14 नंबरच्या पिनांत सुमारे 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एका टोकाचं टर्मिनेशन (जोडीच्या टोकाला बसवलेला रेझिस्टर) किंवा वायर तुटलीय. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी भिडल्यात. काही गाड्यांत एक टर्मिनेशन बीसीएमच्या आतच असतं, तिथे डबा काढल्यावर 120 दिसणं चूक नाही.

आता जाण्याची कारणं. पहिलं पाणी. महाबळेश्वर, कोयनेच्या पावसात चालणाऱ्या गाडीत पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी वायरिंगच्या अंगाने उतरत थेट सॉकेटात शिरतं. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला की आधी गळती बंद करा. जोडताना वायरिंगला सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल. 2019 आणि 2021 सारख्या कृष्णेच्या पुरात जी गाडी बुडून उभी राहिली, तिथे नुसता डबा बदलून भागत नाही. पाणी वायरच्या कव्हरच्या आत तारांतून वर चढलेलं असतं.

दुसरं वेल्डिंग. उसाच्या हंगामाआधी बॉडीला पट्ट्या मारून घेतात, बॅटरी मात्र जोडलेलीच. दोन्ही टर्मिनल काढायची आणि वेल्डिंगचा अर्थ क्लँप जोडाच्या अगदी जवळ लावायचा. तिसरं म्हणजे हौस: पार्किंगच्या वायरवरून ओढलेल्या रंगीत माळा आणि हेडलाइटला 100 वॅटचे बल्ब. आजच्या बऱ्याच बीसीएममध्ये रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. जादा करंट दिसला की ते स्वतःच बंद होतात. काही गाड्यांत वारंवार शॉर्ट झाल्यावर तो आउटपुट स्कॅनरने रिसेट करेपर्यंत उघडतच नाही. डबा ठणठणीत असतो, फेकला जातो उगाच.

एवढं करूनही दोष आतलाच निघाला, तर जुना डबा गाडीत असतानाच स्कॅनरने त्याची माहिती वाचून ठेवा: चॅसी नंबर, व्हेरियंट कोडिंग (गाडीच्या मॉडेलप्रमाणे भरलेली सेटिंग), सॉफ्टवेअरचा नंबर. काढल्यावर ती मिळेलच असं नाही. नव्याचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला सारखा आणि सॉकेटही तेच, पण व्हेरियंट वेगळा, हा नेहमीचा घोळ. भंगारातला डबा स्वस्त पडतो, पण त्यात दुसऱ्याच गाडीचा चॅसी नंबर आणि चाव्या भरलेल्या असतात. इमोबिलायझर बीसीएममध्ये असेल तर मालकाला सगळ्या चाव्या आणायला सांगा; इमोबिलायझरचा पिन कोडही आधीच मिळवा.

बदलणं हे सगळ्यात छोटं काम. इग्निशन बंद, बॅटरीचा मायनस काढा. एअरबॅग असेल तर पुढची काही मिनिटं डॅशला हात लावू नका. बॉडीच्या लोखंडाला हात टेकवून अंगातली स्थिर वीज घालवा. सॉकेटचा खटका पूर्ण उघडा, वायर धरून ओढू नका. कोडिंग करताना बॅटरीवर सपोर्ट चार्जर हवाच. मधेच व्होल्टेज बसलं तर नवा डबा अर्धवट लिहिलेला राहतो आणि काही वेळा कायमचा जातो.

शेवटी दोषाचे कोड पुसा, प्रत्येक दिवा, काच, लॉक, वायपर चालवून पाहा. मग बॅटरीच्या मायनसला सिरीजमध्ये अँपिअर मीटर लावा, दरवाजे बंद करून, चावी लांब ठेवून अर्धा-पाऊण तास थांबा आणि करंट बघा. पिकअप-व्हॅनमध्ये तो साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत यावा. त्याहून जास्त राहिला तर कुठलंतरी मॉड्यूल झोपत नाहीये. एकेक फ्यूज काढत ते शोधा, नाहीतर दोन-चार दिवसांनी गाडी ढकलतच दारात येईल.