शेवग्यावरचे सुरवंट आणि आमचा मोत्या

परभणीला आमच्या दारात शेवगा आहे. पावसाळ्यात एका सकाळी बुंध्यावर तळहाताएवढा केसाळ डाग दिसला. जवळ गेलो तर सुरवंटांचा घोळका! दिवसा हे असे एका जागी चिकटून बसतात, रात्री पाला खायला वर चढतात. मोत्यानं नाक लावलं आणि केकाटत तोंड पंजानं घासू लागला. न चोळता पाण्याच्या धारेनं धुतलं. तरी ओठ सुजले, मग जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. धाकट्याच्या मनगटावर गांधी उठल्या. तिथं चिकटपट्टी लावून ओढली, कुसळं तिला चिकटून आली, मग साबणानं धुतलं.

माय म्हणाली, "टेंभा लाव की." गावाकडं तसंच करतात, पण कुसळं वाऱ्यानं उडतात आणि दारात लेकरं खेळतात. म्हणून पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला रुमाल, डोळ्यांवर चष्मा (बायको हसली, हसू दे). भर दुपारी, घोळका जागेवर असताना, लांब दांड्याच्या खराट्यानं सगळे साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडले. मेलेल्याचंही कुसळ लागतंच, त्यामुळं खड्डा करून पुरले. आठ दिवसांनी वरच्या फांदीवर आणखी एक घोळका निघाला.