तास संपल्यावर सुरू होणारी नोकरी: जपानी शाळेत शिकवायला जाणाऱ्यांसाठी

जपानला जायचं नक्की झालं तेव्हा दोन महिने मी फक्त धडे तयार करत होते. चित्रं, फ्लॅशकार्डं, खेळ, दिवाळीचे फोटो, भारताचा नकाशा. ऑगस्टमध्ये पोचले तर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. पहिले तीन आठवडे स्टाफरूममध्ये एका रिकाम्या टेबलाशी नुसती बसून होते. तेव्हा वाटलं, वेळ वाया चाललाय. पण पुढच्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त कामाला आलं ते त्या तीन आठवड्यांत बघून शिकलेलं. वर्गातली 45 मिनिटं तुम्हाला सोबतचे शिक्षक सांभाळून घेतात. उरलेला दिवस मात्र स्वतःच बघून बघून शिकावा लागतो, आणि तिथे आपलं मन रमतं की नाही ते त्या उरलेल्या दिवसावर ठरतं. म्हणून हे लिहिते आहे.

जायच्या वाटांबद्दल आधी थोडक्यात. मी गेले जेट कार्यक्रमातून. हा जपान सरकारचा कार्यक्रम 1987 पासून चालू आहे. कोणत्याही शाखेची पदवी आणि चांगलं इंग्रजी लागतं, अर्ज जपानच्या दूतावासामार्फत होतो. आपण एएलटी, म्हणजे सहायक भाषा शिक्षक असतो. मुख्य शिक्षक जपानी, आपण त्यांच्या सोबत. करार एकेक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. एप्रिल 2025 पासून पहिल्या वर्षाचा पगार वर्षाला 40.2 लाख येन झालाय, माझ्या वेळी तो 33.6 लाख होता. एएलटीच्या कामासाठी जपानी यायलाच हवं असं नाही, पण येत असेल तर पहिले सहा महिने फार सोपे जातात. दुसरी वाट खाजगी कंपन्यांची, ज्या शाळांना शिक्षक पुरवतात. तिथे अर्ज करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: ऑगस्टच्या सुट्टीत पूर्ण पगार मिळतो का, आणि आरोग्य विमा व पेन्शन कंपनी भरते का. शिवाय अशा नोकऱ्यांसाठी 12 वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा बऱ्याचदा मागतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे आधीच तपासावं. माझ्या एका मैत्रिणीला हे मुलाखत झाल्यावर कळलं.

कागदपत्रांत आपल्या लोकांची एक खास अडचण आहे ती नावाची. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं. जपानमध्ये विमानतळावर मिळणाऱ्या रहिवासी कार्डावर ते जसंच्या तसं उतरतं आणि मग प्रत्येक फॉर्मवर तसंच लिहावं लागतं. बँकेत माझं नाव काताकाना, म्हणजे परदेशी नावांसाठी वापरतात त्या लिपीत बसवायला चौकोनच पुरेनात. बँकेतल्या बाईंनी तीनदा माफी मागितली, मी चारदा. नियम एकच ठेवा: पहिल्या दिवशी नाव जसं लिहिलं जाईल तसंच बँक, फोन, विमा, वीज सगळीकडे लिहा. एका अक्षराचा फरक पडला तरी पैसे अडकतात. घराचा पत्ता ठरल्यापासून 14 दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची असते, आणि ते रहिवासी कार्ड कायम खिशात असावं लागतं. येताना निदान तीन लाख येन हाताशी ठेवा. पहिला पगार यायला महिना जातो आणि घर अगदी रिकामं मिळू शकतं. माझ्या घरात पडदे तर नव्हतेच, दिवेही नव्हते.

आता स्टाफरूम. तिला शोकुइनशित्सु म्हणतात आणि शाळा खरी तिथून चालते. मुख्याध्यापकांची खोली वेगळी असते. स्टाफरूममध्ये समोर उपमुख्याध्यापक, म्हणजे क्योतो-सेन्सेई बसतात, आणि बाकीची टेबलं इयत्तेप्रमाणे एकमेकांना चिकटवून मांडलेली असतात. पहिल्याच दिवशी टेबलांचा नकाशा मागून घ्या. मला सोबतच्या इंग्रजीच्या शिक्षिकेने तो हाताने काढून दिला होता, प्रत्येक नावावर बारीक अक्षरात उच्चार लिहून. तो मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि रोज पाच नावं पाठ केली. नावाने हाक मारणारी परदेशी बाई आणि नुसती हसणारी परदेशी बाई, यांना मिळणारी वागणूक वेगळी असते. हे मी अनुभवाने सांगते.

सकाळी आत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सुप्रभात, म्हणायचं. निघताना 'ओसाकिनि शित्सुरेइ शिमास', म्हणजे तुमच्या आधी निघते, माफ करा. मग खोलीभरातून 'ओत्सुकारेसामा देश्ता' येतं, म्हणजे दमलात, छान काम केलंत. माझी वेळ सव्वाचारला संपायची आणि बाकीचे सात-आठपर्यंत बसलेले असायचे. सुरुवातीला मी संकोचाने साडेसहापर्यंत बसून राहायचे, काही काम नसताना. मग त्या शिक्षिकेनेच सांगितलं की तू थांबल्याने कोणाचं काम कमी होत नाही, पण जाताना एकदा विचारत जा, काही मदत हवी का. तसं केल्यावर निघताना जड वाटायचं थांबलं.

रजेवरून परतताना सगळ्यांसाठी खाऊ आणायची पद्धत आहे, ओमियागे. मी पहिल्या वर्षी डिसेंबरात घरी आले तेव्हा लोणावळ्याची चिक्की घेतली. आईने विचारलं, किती जण? म्हटलं, 34. तर ती म्हणाली, मग मोठं पाकीट घे, फोडून वाट. तसं चालत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला हवा, कारण तो माणूस जागेवर नसला तरी टेबलावर ठेवून पुढे जायचं असतं. आई आणि मी रात्री अकरापर्यंत बटर पेपरचे चौकोन कापत बसलो होतो. शाळेत चिक्की वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी खेळाचे सर, जे तोवर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, रिकामा कागद हातात घेऊन आले आणि विचारलं, यात गूळ असतो तो कशाचा? आमच्या वीस मिनिटांच्या गप्पा झाल्या. उसाच्या.

दुपारचं जेवण वर्गातच होतं, मुलांबरोबर. पांढरा एप्रन आणि टोपी घातलेली मुलं स्वतः वाढतात आणि सगळे एकदम 'इतादाकिमास', म्हणजे हे अन्न कृतज्ञतेने घेतो, असं म्हणून सुरू करतात. मुलांच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापक तेच जेवण चाखून बघतात. ते चांगलं आहे याची जबाबदारी त्यांची. मला ही पद्धत फार आवडली. शाकाहारी माणसाची मात्र इथे कसोटी लागते. माशाचा अर्क असलेलं दाशी सूपमध्ये असतं, भाजीतही असतं. 'मांस खात नाही' म्हटलं तर सूपमधलं हॅम बाजूला काढून देतात, मनापासून. मी शेवटी ठरवलं: महिन्याच्या सुरुवातीला मिळणारा जेवणाचा तक्ता घरी नेऊन मांस, मासा, डुक्कर, कोंबडी एवढी चित्राक्षरं ओळखायला शिकायची. चालेल त्या दिवशी शाळेचं जेवण, बाकीचे दिवस माझा डबा. फक्त हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायला हवं, कारण जेवणाचे पैसे आणि ताटं मोजलेली असतात. तुमचं तुम्ही काय ते ठरवा, पण पहिल्या आठवड्यात ठरवा. दर दिवशी नवीन कारण सांगितलं तर त्यांची फार ओढाताण होते.

जेवणानंतर सफाई. संगीत लागतं आणि सगळी शाळा झाडू-फडकी घेऊन कामाला लागते, शिक्षकसुद्धा. मुलं ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून, कंबर वर करून, लांबच्या लांब कॉरिडॉर एका दमात पुसत पळतात. पहिल्या दिवशी मी फोटो काढत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीने काही न बोलता माझ्या हातात फडकं दिलं. ते घ्या. माझी मुलांशी जी ओळख झाली ती जिना पुसताना झाली. तिथे चुकीचं इंग्रजी बोलायची भीती नसते आणि मुलं आपणहून विचारतात, भारतात बर्फ पडतो का, तुझ्या घरी कुत्रा आहे का.

वर्गाबद्दल मी कमी लिहिते आहे कारण ते प्रशिक्षणात सांगतात. पाचवी-सहावीला इंग्रजी 2020 पासून रीतसर विषय आहे, तिसरी-चौथीला गाणी-खेळ. पहिल्या तासाला स्वतःची ओळख करून द्यावी लागते. मी होते ओकायामा प्रांताच्या उत्तरेकडच्या डोंगराळ गावात, त्यामुळे पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचा फोटो दाखवायचे. ती बाग ओकायामाच्या कोराकुएन या प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर केलेली आहे, हे मुलांना खरंच वाटायचं नाही. दोन प्रश्न मात्र ठरलेले: रोज नान आणि करी खाता का, आणि भारतीयांना मोठे मोठे पाढे येतात ते खरं का. एकदा मी म्हटलं, आधी तुमचे म्हणा. त्यांनी ठेक्यात सुरू केलं, 'नि निन गा शि, नि सान गा रोकु'. आणि मी त्याच ठेक्यावर 'बे दुणे चार, बे त्रिक सहा' म्हटलं. तंतोतंत बसलं. मग 'एकोणीस पंचे पंच्याण्णव' पर्यंत गेले तेव्हा मागच्या बाकावरचा, कधीच तोंड न उघडणारा मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता. तुमच्या तयार केलेल्या धड्यांपेक्षा तुमच्या लहानपणातलं असं काही जास्त चालतं. सोबत ठेवा.

भाषेची धास्ती घेऊ नका. मराठी माणसाला जपानी वाक्य ओळखीचं वाटतं. 'मी उद्या शाळेत जाणार' हे 'वाताशि-वा आशिता गाक्को-नि इकिमास', शब्दांचा क्रम तोच आणि 'नि' आपल्या प्रत्ययासारखा शब्दाला मागून चिकटतो. अवघड आहे ते न बोललेलं समजणं. मी दिवाळीचा एक तास घेऊ का असं विचारलं तेव्हा एक शिक्षक म्हणाले, 'चोत्तो मुझुकाशी', थोडं कठीण आहे. मी समजले की थोडं कठीण असलं तरी होईल, आणि रात्रभर बसून कागदी पणत्या कापल्या. ते 'नाही' होतं. त्यांना माझ्यासमोर अवघडल्यासारखं झालं आणि मला फार लागलं. 'चोत्तो' म्हणून कोणी श्वास आत ओढला की तिथे थांबा आणि विचारा, मग दुसरं कधी चालेल? त्याला खरं उत्तर मिळतं. त्या पणत्या नोव्हेंबरात वापरल्या.

घरचं थोडं सांगते. कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावा. पिशव्या गावाच्या ठरलेल्या असतात, जळणारा कचरा, प्लास्टिक, काच, डबे यांचे वार वेगळे. माझी एक पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवली गेली होती. शेजारच्या आजींनी ती माझ्या दारात आणली, माझ्यासमोर उघडली, बाटलीचं झाकण आणि लेबल काढून दाखवलं, परत बांधली. सप्टेंबरात त्यांनीच दाराला पिओने द्राक्षांचा घड अडकवला. मी त्यांना कांदेपोहे नेऊन दिले आणि तेव्हापासून आमचा वाटी-वाटीचा व्यवहार सुरू झाला, अगदी सातारच्या वाड्यासारखा.

थंडीला कमी लेखू नका. घरांच्या भिंती पातळ असतात आणि खोली फक्त स्टोव्हने तापते. 18 लिटरचा निळा कॅन घेऊन रॉकेल आणायचं आणि झोपताना स्टोव्ह बंद करायचाच. खेडेगावात गाडी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओतून काढून न्या, तो एक वर्ष चालतो. पुढे जपानी परवान्यासाठी तुमचा भारतीय परवाना, आणि तो मिळाल्यावर तुम्ही निदान तीन महिने भारतात होता याचा पुरावा लागतो. जुना पासपोर्ट टाकू नका.

एकटेपणा येतो. पहिल्या वर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझे वाईट गेले. पाचला अंधार, आसपास तासाभराच्या अंतरात मराठी बोलणारं कोणी नाही, आणि बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी. त्या रिकाम्या जागेचं मला फार वाईट वाटायचं. घरी फोनवर 'सगळं छान' म्हणत राहिले, ते चुकलं. आईला खरं सांगितलं त्या दिवशी झोप लागली. आठवड्यातून एक संध्याकाळ गावातल्या कशाशी तरी बांधून घ्या. मी तायको ढोलाच्या सरावाला जायला लागले. तिथे कोणाला इंग्रजी शिकायचं नव्हतं, त्यांना फक्त ताल चुकू नये एवढंच हवं होतं.

परतताना पेन्शनचे पैसे विसरू नका. देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो. त्यातून 20.42 टक्के कर कापतात, तोही परत मागता येतो, पण त्यासाठी निघण्याआधी जपानमधल्या कोणाला तरी करप्रतिनिधी नेमावं लागतं.

शेवटी बदल्या. जपानमध्ये सरकारी शिक्षकांची दर काही वर्षांनी बदली होते, आणि मार्चअखेरीस ती यादी स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते. माझ्या दुसऱ्या वर्षाआधी नऊ जण गेले. त्यात नकाशा काढून देणारी माझी शिक्षिकाही. शेवटच्या दिवशी तिने टेबल ओल्या फडक्याने पुसलं, खणही पुसला, आणि निघताना माझ्याच भाषेत 'येते' म्हणाली. मी तिला कधीतरी सांगितलं होतं की आमच्याकडे 'जाते' म्हणत नाहीत.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी तिच्या जागी विशीतला एक नवीन शिक्षक आला. पहिलीच नोकरी, अंगावर नवाकोरा सूट. चहाचे कप कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून हातात कप घेऊन उभा होता. मी त्याला कपाट दाखवलं. मग एक कोरा कागद घेतला, टेबलं आखली आणि नावं लिहायला लागले.