पुस्तकविक्रीला हटके नाव ठेवताय? आधी एवढं करा

गेल्या वेळी मी नाव ठेवलं होतं ‘बासन’. पोथी गुंडाळायचं कापड, आजीच्या देवघरात लाल होतं, मला अजूनही त्याहून सुंदर शब्द सापडलेला नाही. तरी दीड वर्षात बदलावं लागलं, म्हणून हे लिहितेय.

नाव छोटं हवं, अर्थ पटकन सांगता यावा वगैरे तुम्हाला माहितीच आहे. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारून पाट्या वाचा, काय ठेवायचं नाही ते कळेल.

आता खरं काम. नाव फोनवर सांगून बघा. व्हॉट्सॲपवर लिहून नाही, बोलून. पाच-सहा अनोळखी लोकांना सांगा आणि म्हणा, हे इंग्रजीत टाइप करा. मी हे केलंच नाही. मग कोणी एक ए टाकायचं कोणी दोन, कोणी बसन वाचायचं, हिंदी बोलणाऱ्यांना बासन म्हणजे भांडी त्यामुळे ते भांड्यांचे भाव विचारायचे, आणि ज्यांना खरंच पुस्तकं हवी होती त्यांना इन्स्टावर आम्ही सापडायचोच नाही, याचं फार वाईट वाटायचं. नावात ळ असेल तर जास्तच जपा, ओळ आणि ओल इंग्रजीत सारखंच दिसतं. फोनवर सांगितलंत? नसेल तर इथेच थांबा, आधी फोन करा.

मग ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधा, फुकट आहे. छापील मालाचा वर्ग 16 आणि दुकानदारीचा 35, दोन्ही बघा, आणि फोनेटिक सर्च नक्की करा कारण नुसतं उच्चाराने जवळचं नावही आडवं येतं. अर्ज करायचा तर एकट्या माणसाला ऑनलाइन फी एका वर्गाला 4500 रुपये.

स्पेलिंग एकच ठरवा. माझ्या शॉप ॲक्टच्या (दुकान नोंदणीच्या) पावतीवर एक ए आणि उद्यमवर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीवर, दोन, बँकेने करंट अकाउंटचा फॉर्म परत केला. हेसुद्धा फोनवाल्या टेस्टमध्येच कळलं असतं!

पाटीवर मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत, कायदा आहे. वेबसाइटचं डोमेन, इन्स्टाचं हँडल नाव ठरेल त्याच दिवशी घ्या. पिशव्या, शिक्के, बुकमार्क नंतर. आणि छापायला देण्याआधी परत एका नवीन माणसाला फोन लावा.