वर्तन गटाला मार्गदर्शन करताना: पहिल्या वर्षाचं काम

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. बऱ्याच शाळांत छडी गेली, पण तिच्या जागी बाकावर उभं करणं, वर्गासमोर पाणउतारा आणि ‘उद्या पालकांना घेऊन ये’ हे आलं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी त्याच कलमात अडकतात, तिसरीने मुलाला काही शिकायला मिळत नाही.

सकारात्मक वर्तन सहाय्य ही पद्धत 1990 च्या दशकात अमेरिकेत, मुख्यतः ओरेगन विद्यापीठाच्या आसपास आकाराला आली. अपेक्षित वागणं गणितासारखं शिकवायचं, सराव घ्यायचा, जमलं की दखल घ्यायची. सर्व मुलांसाठी एक पायरी, काहींसाठी दुसरी, मोजक्यांसाठी तिसरी. 80 टक्के मुलांचं पहिलीवरच भागतं, 15 टक्क्यांना दुसरी आणि 5 टक्क्यांना तिसरी लागते, असा ढोबळ अंदाज धरतात. केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती किंवा समुपदेशक म्हणून एखाद्या शाळेच्या वर्तन गटाला, म्हणजे ही पद्धत शाळेत चालवणाऱ्यांना, हे उभं करायला मदत करणार असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

गट पाच-सहा जणांचा असावा. मुख्याध्यापक हवेतच, कारण घंटेची वेळ बदलण्याचा अधिकार त्यांचा. लहान आणि मोठ्या वर्गांचे एकेक शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक घ्या. पोषण आहाराच्या मदतनीस ताईंना विसरू नका; खिचडीच्या रांगेत काय चालतं ते त्यांनाच ठाऊक असतं. द्विशिक्षकी शाळेत सगळी शाळाच गट. शेजारच्या शाळेबरोबर एकत्र बसवा.

सुरू करण्याआधी चिठ्ठ्या टाकून मत घ्या, नाव न लिहिता. तयार असलेले शिक्षक 80 टक्क्यांपेक्षा, म्हणजे दहापैकी आठपेक्षा, कमी असतील तर थांबा आणि नकाराचं कारण शोधा. ते बहुतेक ‘अजून एक रजिस्टर’ हेच असतं, आणि ही तक्रार रास्त आहे. एखादी जुनी, निरुपयोगी नोंद बंद करून मगच नवी मागा.

नियम ठरवायच्या आधी दोन आठवडे फक्त नोंदी. रकाने सात: तारीख, वेळ, जागा, इयत्ता, काय घडलं, त्याच्या लगेच आधी काय घडलं, मोठ्यांनी काय केलं. एक नोंद मिनिटभरात झाली पाहिजे. ‘दंगा केला’, ‘उद्धट वागला’ असे शब्द चालणार नाहीत. ढकललं, शिवी दिली, दुसऱ्याची वस्तू घेतली, सांगूनही काम सुरू केलं नाही, असं डोळ्यांना दिसलेलं लिहायचं. शिक्षकाने वर्गातच मिटवायचं काय आणि मुख्याध्यापकांकडे न्यायचं काय, याची यादी उदाहरणांसह गटाने करावी. जातीवरून चिडवणं किरकोळांत टाकू देऊ नका. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर ती बाब या वहीची नाहीच. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांची नावं बैठकीत फिरणाऱ्या कागदावर नकोत.

आता नोंदी जागेनुसार आणि वेळेनुसार मोजायला लावा. गट हमखास ‘ती चार मुलं’ घेऊन बसतो. त्यांना रकान्याकडे वळवणं हेच तुमचं खरं काम. समजा, निम्मी ढकलाढकल मधल्या सुट्टीत हात धुण्याच्या नळांपाशी आहे. दीडशे मुलं, चालू नळ तीन, घंटा एकच. इथे कोणाला सुधारायचं? पहिली ते चौथीला पाच मिनिटं आधी सोडा, जमिनीवर चुन्याने ओळ आखा, एका शिक्षकांना नळांजवळ उभं राहायला सांगा. अर्ध्या तक्रारी व्यवस्थेच्या असतात, मुलांच्या नाहीत.

मग अपेक्षा: तीन, फार तर पाच, ‘नको’ न वापरता. सुरक्षित राहू, आदराने वागू, जबाबदारी घेऊ, एवढ्यावर भागतं. त्यांचा तक्ता करा: उभ्या रकान्यात जागा (वर्ग, व्हरांडा, नळ, स्वच्छतागृह, खिचडीची रांग), आडव्यात अपेक्षा. प्रत्येक चौकटीत दिसणारी एक-दोन कृती. नळापाशी ‘शिस्त पाळू’ लिहिलं तर काही कळत नाही. ‘पुढच्यापासून हातभर अंतर ठेवू’, ‘आपण सोडलेला नळ आपण बंद करू’ हे कळतं. पहिली-दुसरीची मुलं घरी अहिराणी किंवा गोंडी बोलत असतील तर आधी त्या भाषेत सांगा.

इथे बहुतेक गट तक्ता छापून, भिंतीवर लावून मोकळे होतात. तक्ता शिकवावा लागतो, आणि ज्या त्या जागी जाऊन: दहा-पंधरा मिनिटं, शिक्षक करून दाखवतात, मुलं करतात. चुकीची पद्धत दाखवायचीच तर शिक्षकाने दाखवावी. मुलांना तिचा सराव नको. जूनमध्ये पहिला आठवडा रोज, दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा, आणि स्नेहसंमेलनाच्या तयारीत वेळापत्रक विस्कटतं तेव्हा नक्की.

एकदा चूक सुधारायला सांगितली तर चारदा कौतुक, असं प्रमाण सांगतात. ते पक्कं गणित समजू नका, दिशा समजा. वर्गात मागे दहा मिनिटं बसा, कागदावर ‘कौतुक’ आणि ‘सुधारणा’ अशा दोन रकान्यांत रेघा मारा आणि तो कागद शिक्षकाच्याच हाती द्या. ‘शाब्बास’ने भागत नाही; ‘घंटा होताच वही काढलीस’ असं कृतीचं नाव घ्या. चांदण्या वाटायच्या असतील तर दोन धोके असतात: त्या हुशार मुलांकडेच साठतात, आणि रागाच्या भरात परत घेतल्या जातात. दिलेली चांदणी काढायची नाही. बक्षिसं बिनखर्चाची ठेवा: घंटा देणं, परिपाठात बातम्या वाचणं, खेळाच्या तासिकेत खेळ निवडणं.

महिन्यातून एक बैठक, चाळीस मिनिटं: आकडे, एक जागा, एक बदल, कोण करणार, कधीपर्यंत. पहिल्या दोन बैठका तुम्ही चालवा, पुढच्या दोनांत शेजारी बसा, मग फक्त इतिवृत्त वाचा. तपासणी आणि हे काम एकाच भेटीत करू नका. तपासणीची शेरेवही दिसली की नोंदवहीत शून्य प्रसंग दिसू लागतात.

पहिली पायरी बसली का, हे मोजायला 15 बाबींची अंमलबजावणी सूची वापरतात. प्रत्येक बाबीला 0, 1 किंवा 2 गुण. एकूण 30 पैकी 21, म्हणजे 70 टक्के, मिळाल्याशिवाय दुसऱ्या पायरीकडे जाऊ नका. दुसऱ्या पायरीवर मुलाची सकाळी शाळेतल्या एका मोठ्या माणसाशी दोन मिनिटं भेट, प्रत्येक तासिकेला 0-1-2 गुणांचं कार्ड, शाळा सुटताना पुन्हा भेट; सुरुवातीचं लक्ष्य साधारण 80 टक्के गुण. मात्र आधी पाहा की त्या वागण्यातून मुलाला काय मिळतं किंवा काय टळतं. वाचन जमत नाही म्हणून गोंधळ घालणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं, तर त्याला हवं तेच मिळालं. त्याला कार्डाआधी वाचनाची मदत हवी.

बदल्यांच्या हंगामात गट मोडतो, हे गृहीत धरा. प्रत्येक काम दोघांना येऊ द्या, आणि तक्ता, पाठाच्या टिपणी, नोंदवहीचा नमुना, इतिवृत्तं अशी एक फाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात असू द्या. कार्यभार हस्तांतराच्या यादीत तिचं नाव लिहायला लावा, नाहीतर नवे सर येतील आणि ती रद्दीत जाईल.