कॉफी शॉपमधली कॉलेज प्रवेशाची मुलाखत: नाशिकच्या मुलांनी तयारी कशी करावी

बारावीच्या धामधुमीत अमेरिकेतल्या विद्यापीठाचा अर्ज भरून होतो आणि काही आठवड्यांनी एका अनोळखी माणसाचा मेल येतो: ‘मी या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. शनिवारी सकाळी कॉलेज रोडवरच्या अमुक कॉफी शॉपमध्ये भेटता येईल का?’ घरात एकदम धांदल उडते. आई नवीन शर्ट आणायला निघते, बाबा ‘संभाव्य प्रश्न’ शोधायला बसतात आणि ज्याची मुलाखत आहे तो मुलगा पन्नास प्रश्नांची उत्तरं पाठ करायला घेतो. ही सगळी मेहनत मनापासून असते, पण चुकीच्या ठिकाणी खर्च होते.

भेटायला येणारा माणूस परीक्षक नाही. तो पगार न घेता, आपली नोकरी सांभाळून विद्यापीठासाठी हे काम करतो. येल, प्रिन्स्टन, एमआयटी, जॉर्जटाउन इथे माजी विद्यार्थ्यांनी मुलाखत घेण्याची पद्धत आहे. तुमचा अर्ज, निबंध, गुण त्याच्यापुढे सहसा नसतात. तुमचं नाव, शाळा आणि संपर्क एवढंच त्याला कळवलेलं असतं. तासाभराच्या गप्पांनंतर तो घरी जाऊन तुमच्याबद्दल एक टिपण लिहितो आणि विद्यापीठाला पाठवतो. तेव्हा सगळी तयारी एका प्रश्नाभोवती करा: या माणसाला माझ्याबद्दल लिहायला मी काय देणार? ‘मुलगा हुशार आणि मेहनती वाटला’ एवढंच त्याच्या हाती लागलं, तर त्याची इच्छा असूनही तो तुमच्यासाठी फार काही करू शकत नाही.

मेल आल्यावर

एका दिवसाच्या आत उत्तर द्या. अर्ज करताना दिलेला मेल रोज उघडा आणि स्पॅमचा फोल्डरही पाहा, कारण हे मेल बऱ्याचदा मुलाखतकाराच्या खासगी पत्त्यावरून येतात. १ नोव्हेंबरच्या मुदतीत अर्ज केला असेल तर बोलावणं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतं. जानेवारीच्या मुदतीतला अर्ज असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे नेमकं पूर्वपरीक्षा आणि बोर्डाच्या तोंडावर. पेपर असेल तर स्पष्ट कळवा आणि दोन-तीन पर्यायी वेळा स्वतःहून सुचवा. त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही.

मेल खरा आहे ना, हेही तपासा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मुलाखतीची पद्धत दिलेली असते. शंका आली तर प्रवेश कार्यालयाला मेल करून विचारा. मुलाखतीसाठी कोणी पैसे मागितले, तर तो मुलाखतकार नव्हे. भेट सार्वजनिक जागीच व्हावी आणि घरी ठिकाण, वेळ, नाव माहीत असावं. मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हे मागायला जराही संकोचू नये.

नाशिकमध्ये मुलाखतकार मिळेलच असं नाही. मग मुंबई-पुण्याचा कोणी व्हिडिओ कॉलवर बोलतो, किंवा मुलाखत होतच नाही. झाली नाही म्हणून अर्ज मागे पडत नाही, असं ही विद्यापीठं स्वतःच सांगतात.

जागा आणि वेळ

जागा बहुधा मुलाखतकारच ठरवतो. तुम्हाला विचारली तर कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरची एखादी शांत जागा सुचवा आणि वेळ सकाळी दहा-अकराची मागा. संध्याकाळी कॉलेज रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि आत गाणी आणि गर्दी इतकी असते की समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं.

जागा ठरली की आधी एकदा त्याच वारी, त्याच वेळी तिथे जाऊन बसा. कॉफीच्या मशीनचा आवाज कुठवर येतो, कोपऱ्यातलं टेबल कोणतं, काउंटरवर आधी पैसे द्यायचे की टेबलावर बिल येतं, हे बघून ठेवा. नाशिकमधली कितीतरी मुलं चहाच्या टपरीवर आणि मिसळीच्या दुकानात मनमोकळी असतात, पण काचेचं दार आणि इंग्रजी मेन्यू दिसला की अंग चोरतात. एकदा जाऊन आलं की हे दडपण उतरतं आणि मुलाखतीच्या दिवशी लक्ष माणसाकडे राहतं.

सांगण्यासारखं काय आहे, ते शोधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक वही घ्या आणि गेल्या तीन-चार वर्षांत तुम्ही स्वतः केलेल्या, पाहिलेल्या, अंगावर घेतलेल्या पाच-सहा गोष्टी लिहून काढा. बक्षिसांची यादी नको, ती अर्जात गेलेली आहे.

समजा, तुमची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. ‘मला शेतीची आवड आहे’ या वाक्यातून मुलाखतकाराला काही मिळत नाही. पण ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणीची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीसारख्या रोगाची, भीती असते, पानं किती तास ओली राहतात यावर रोग ठरतो, म्हणून तुम्ही रोज सकाळी वहीत नोंदी ठेवायला लागलात आणि त्या नोंदींच्या जोरावर एक फवारणी पुढे ढकलावी असं वडिलांशी भांडलात, हे सांगितलंत तर त्यात निरीक्षण आहे, विज्ञान आहे, धाडस आहे आणि घरातलं नातंही आहे. वडिलांनी ऐकलं नसेल तर तेही सांगा. पुढचा प्रश्न तिथूनच येईल आणि गप्पा सुरू होतील.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काकांचं वर्कशॉप असेल आणि सुट्टीत तिथे बसून, माल परत का येतो हे तुम्ही व्हर्निअर कॅलिपर हातात धरून शिकला असाल, तर ते सांगा. नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पक्षी मोजायला जात असाल, तर कोणता पक्षी ओळखायला किती चुकलात ते सांगा. गणपतीच्या पथकात ढोल वाजवत असाल तर ताल चुकल्यावर चाळीस जणांत तो कसा सावरला जातो ते सांगा. आणि यातलं काहीच नसेल, आजीला सांभाळणं आणि धाकट्या भावाचा अभ्यास घेणं यातच तुमच्या संध्याकाळी गेल्या असतील, तरी ते कमी नाही. घरातली जबाबदारी हे खरं काम आहे. ते सांगताना आवाज खाली नेऊ नका.

लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारा: मी नेमकं काय केलं? कुठे अडलं? त्यानंतर माझं मत काय बदललं? तिसऱ्याचं उत्तर लगेच येत नाही. दोन-चार दिवस जाऊ द्या.

मग हे सगळं इंग्रजीत मोठ्याने सांगून पाहा. अभ्यासाचं इंग्रजी येतं, पण जे मराठीत जगलो, छाटणी, लिलाव, पथकाचा सराव, ते इंग्रजीत सांगताना जीभ अडखळते. ही अडचण मराठी माध्यमातून आलेल्यांनाच नव्हे, इंग्रजी शाळेतल्यांनाही येते. उच्चार अमेरिकन करायला जाऊ नका. वाक्यं छोटी ठेवा आणि सावकाश बोला. मात्र उत्तरं शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेलं बोलताना नजर वर, छताकडे जाते आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

‘आमचंच कॉलेज का?’

हा प्रश्न येतोच. ‘जगात नावाजलेलं आहे’ हे उत्तर कोणत्याही विद्यापीठाला चालतं, म्हणून ते उत्तरच नव्हे. त्या ठिकाणची एखादी खास गोष्ट शोधा आणि ती आपल्या वहीतल्या गोष्टीला जोडा. एमआयटीत पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांबरोबर संशोधन करू देणारा यूरॉप नावाचा कार्यक्रम १९६९पासून चालू आहे. प्रिन्स्टनमध्ये जवळजवळ प्रत्येकाला शेवटच्या वर्षी स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो. येलमध्ये मुलं १४ निवासी कॉलेजांमध्ये विभागलेली असतात. अशी एक गोष्ट नीट समजून घेतलीत की पुरे. संकेतस्थळावरची दहा नावं घडाघडा म्हणून दाखवण्याने काही साधत नाही.

तुम्हीही दोन-तीन प्रश्न घेऊन जा, ज्यांची उत्तरं संकेतस्थळावर मिळणार नाहीत, तोच माणूस देऊ शकेल. ‘प्रबंधाचा विषय तुम्ही कसा ठरवलात?’ ‘पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात अवघड काय गेलं?’ ‘तिथे शिकलेलं आज कामात कुठे उपयोगी पडतं?’ असं विचारलं की माणूस खुलतो.

सराव

शिकवणीच्या सरांबरोबर सराव करू नका. ते तुम्हाला ओळखतात आणि मधेच उत्तर सुधारून देतात. सोसायटीतले एखादे निवृत्त काका, आईची बँकेतली मैत्रीण, असं कोणीतरी निवडा जे तुम्हाला फारसं ओळखत नाही. घरी नको, बाहेर बसा. आवाजात, वेटरच्या ये-जा करण्यात. चाळीस मिनिटं बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंग ऐकताना एक गोष्ट हमखास सापडते. काकांनी विचारलं, “मोकळ्या वेळात काय करतोस?” आणि उत्तर आलं, “वाचतो, काका.” संपलं. मोठ्यांसमोर जास्त बोलू नये हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. तो आपला चांगला संस्कार आहे, पण या टेबलावर त्याचा अर्थ ‘मुलाकडे सांगण्यासारखं काही नाही’ असा निघतो. प्रत्येक उत्तराला किमान एक उदाहरण जोडायची सवय लावा. काय वाचतोस, शेवटचं काय वाचलंस, कुठे पटलं नाही. दीड-दोन मिनिटं बोलून थांबायचं आणि पुढचा प्रश्न येऊ द्यायचा.

पालकांसाठी

मुलाला सोडा आणि निघा. शेजारच्या टेबलावरही बसू नका. “आम्ही लांबच बसू, बोलणार नाही,” असं बऱ्याच आया म्हणतात. त्यामागची काळजी मला पूर्ण समजते, विशेषतः मुलगी एकटी अनोळखी माणसाला भेटणार असेल तेव्हा. तर मग रस्त्यापलीकडे थांबा, फोन चालू ठेवा. पण टेबलाच्या नजरेच्या टप्प्यात आई-बाबा असले की मूल प्रत्येक उत्तराआधी तिकडे बघतं. सतरा-अठरा वर्षांचं हे मूल काही महिन्यांत एकटं परदेशी राहणार आहे, आणि मुलाखतकार नेमकं तेच जोखत असतो.

त्या दिवशी

कपडे इस्त्री केलेले, नेहमीचे. ब्लेझर आणि टाय नकोत. जानेवारीत सकाळी चांगलाच गारठा असतो, स्वेटर घाला. द्वारका चौकातली कोंडी धरून निघा. नाशिकरोड, सिन्नर किंवा ओझरहून येणाऱ्यांनी हाताशी अर्धा तास जास्तीचा ठेवावा. अठरा पूर्ण नसतील, लायसन नसेल तर स्कूटर घेऊन येऊ नका. दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा, फोन बंद करून पिशवीत टाका.

साधं काहीतरी मागवा: कॉफी, चहा, लिंबू सरबत. क्रीमचे डोंगर असलेली पेयं आणि सँडविच टाळा, कारण तोंडात घास असताना प्रश्न येतो. कॉफी आवडत नसेल तर नुसतं पाणी घेतलं तरी चालतं. पैसे बहुधा मुलाखतकारच देतात. तुम्ही एकदा देऊ करा, ते नको म्हणाले की आभार मानून थांबा, ओढाताण नको.

समोरची व्यक्ती मराठी निघाली आणि दोन वाक्यं मराठीत बोलली, तर तुम्हीही मराठीत बोला; मुलाखत इंग्रजीत सुरू झाली की इंग्रजीत. प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारा. विचार करायला वेळ हवा असेल तर ‘एक मिनिट विचार करतो’ म्हणा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. मुलाखत अर्ध्या तासात संपली किंवा तासभर चालली, दोन्हीवरून काही ठरवू नका. आणि एखादा प्रश्न खरोखर अयोग्य वाटला, किंवा भेट भलतीकडे वळतेय असं वाटलं, तर उठून निघा आणि विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला कळवा.

नंतर

चोवीस तासांत आभाराचा मेल पाठवा, चार-पाच ओळींचा. गप्पांमधली एखादी नेमकी गोष्ट त्यात आली पाहिजे. निकालाबद्दल विचारू नका. तो त्यांच्या हातात नसतो. भेटवस्तू अजिबात नको, घरच्या बागेतल्या द्राक्षांची पेटीसुद्धा नको. आपल्याकडे रिकाम्या हाताने आभार मानणं जड जातं, पण मुलाखतकाराची त्यात पंचाईत होते.

घरी पोहोचल्यावर, मेलच्याही आधी, काय विचारलं आणि आपण काय बोललो ते त्याच वहीत उतरवा. दुसऱ्या विद्यापीठाचं बोलावणं आलं तर कोणती गोष्ट रंगली आणि कोणती मध्येच विझली हे त्यातून कळेल. विझलेली काढा, तिच्या जागी नवीन शोधा, आणि ‘आमचंच कॉलेज का?’ याचं उत्तर नव्याने तयार करा.